पायात चपला असताना

विश्रामबाग, सांगली
९ जून १९७३

श्री. चिंतामणराव यांस,

पत्र पाहून दचकू नका. कुणी आजारी नाही, मला काही कमी नाही, आणि परत येते असंही यात लिहिलेलं नाही. माझं फिरत्या टोकाचं पेन तुमच्या टेबलाच्या डाव्या खणात राहिलंय. ज्याच्या दांड्याला मी लाल दोरा गुंडाळला होता, ते. रजिस्टरनं पाठवा. साध्या टपालात टोक वाकतं.

नऊ महिन्यांनी लिहिलं आणि तेही पेनासाठी, असं तुमच्या मनात येईल. येऊ द्या. सरळ रेघा दुसऱ्या पेनानं निघतात, डोंगर निघत नाहीत.

तर मी काम धरलंय. दादाकडे राहून बघितलं. वहिनी चांगली आहे, पण नवऱ्याला सोडून आलेल्या नणंदेला रोज वरण वाढताना माणसाचा हात जड होतोच. म्हणून विश्रामबागेत मनुबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. मनुबाई कवठे महांकाळकडच्या. मुलगा कृष्णात मिलिटरीत, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. घरात त्या, त्यांची म्हैस आणि आता मी.

गावात मधुकरराव म्हणून एक गृहस्थ आहेत, ते सरकारी ऑफिसांचे नकाशे ट्रेस करून देण्याचं कंत्राट घेतात. त्यांच्याकडे चार पुरुष खुर्च्यांवर बसून हे काम करतात. मी गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. एक रेघ ओढून दाखवा म्हणाले. दाखवली. मग म्हणाले, बाई, हात देवानं दिलाय, पण इथं बायकांसाठी खुर्ची नाही, तुम्ही काम घरी न्या. मला तेच हवं होतं. हात देवानं नाही, तुम्ही दिलात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मनुबाईंनी विचारलं, "म्हंजे खाली दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढल्यालं, आन वर कापड टाकून तुमी शाईनं गिरवायचं, व्हय?" म्हटलं, हो. म्हणाल्या, "मग ह्यात अवघड काय हाय?" त्यांना काय सांगू. मी म्हटलं, हात हलू द्यायचा नाही, एवढंच अवघड आहे. तेवढ्यात त्यांचं दूध उतू गेलं आणि बोलणं तिथंच राहिलं.

घरी काम करण्यातली खरी अडचण ही, की कुणालाच ते काम दिसत नाही. घरीच आहात ना, मग जरा दूध बघा. जरा दळणावर लक्ष ठेवा. समोरच्या शरयूताई वाटाणे घेऊन येतात, गप्पा मारत सोलू म्हणतात. पोस्टमन आख्ख्या आळीची पत्रं माझ्याकडे देतो. परवा एका धरणाच्या भिंतीवर मी निम्मी आले होते आणि मनुबाईंनी हाक मारली, "ताई, म्हस सुटली." मी उठले, बाहीचा धक्का दौतीला लागला. अख्खा ताव गेला. भिंत पूर्ण काळी.

टेबलावर छताला दोऱ्यानं एक किल्ली टांगलीय. कोयनानगरची सवय, भूकंप आला की आधी ती हलते. मोठी रेघ ओढण्याआधी वर बघते. हलत नसते. सांगलीत ती का हलावी? तरी बघते.

पेन तेवढं पाठवा.

विनोदिनी


विश्रामबाग
२ जुलै १९७३

श्री. चिंतामणराव यांस,

पेन मिळालं. टिपकागदाच्या तीन घड्या, वर सुतळी, वर लाख. आत चिठ्ठी असेल म्हणून मी टिपकागदाच्या तिन्ही घड्या उलगडल्या, मग उजेडाला धरल्या. काही नव्हतं. टोक मात्र तुम्ही घासून दिलंय. ते दगडावर तेल टाकून घासावं लागतं, पाऊण तास लागतो, मला ठाऊक आहे. त्या पाऊण तासात दोन ओळी झाल्या असत्या.

माझी म्हशीची अडचण सुटली. कशी, ते सांगते. काळा ताव बघून मनुबाईंनाच वाईट वाटलं. दोन दिवस त्या विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाल्या, "ताई, उद्यापास्नं कामाला बसताना पायात चपला घाला."

मी म्हटलं, घरात चपला?

"आवं, आमच्यात सून रानात निघाली, पायात वहाणा चढल्या, की सासूबी हाक मारत न्हवती. वहाणा घातल्या की ती घरात न्हाई. मग ती उंबऱ्यात उभी असू दे. पोरगं रडलं तरी दुसरं कुनी उचलायचं."

तर आता असं आहे. नऊ वाजता अंघोळ-पूजा आटपून मी दारातल्या चपला घालते आणि मागच्या खोलीत जाते. एक वाजता काढते, जेवते. दोनला घालते, पाचला काढते. सुरुवातीला देवांसमोरून चपला घालून जाताना जीव कसातरी व्हायचा. मग मनुबाईंनी देवांच्या कोनाड्याला पडदा शिवला. शरयूताई वाटाणे घेऊन आल्या की मनुबाई कट्ट्यावरूनच सांगतात, "त्या घरात न्हाईत. हापिसात गेल्यात." शरयूताईंना खिडकीतून माझी पाठ दिसत असते. तरी त्या जातात. सांगून विश्वास बसणार नाही, पण पहिल्या आठ दिवसांत माझे पाच ताव झाले, एकही खाडाखोड नाही.

चपला घातल्या की मलाच खरं वाटायला लागतं की मी घरात नाही. कापडावर खडूची भुकटी घासते, म्हणजे शाई पसरत नाही. मग तुम्ही शिकवलेलं करते: अर्धा श्वास सोडायचा, उरलेल्या अर्ध्यावर रेघ ओढायची. खिडकीतून निळा उजेड कापडावर येतो. ट्रेसिंगचं कापड असतंच निळसर. दुपारी तीनच्या सुमाराला खाली पेन्सिल, वर कापड, वर मी, आणि वर कौलं, असं सगळं एका पाण्यात बुडाल्यासारखं होतं. आवाज लांबून येतात. त्या कापडावर पाण्याचा थेंब पडलेला चालत नाही, पांढरा डाग उठतो आणि जात नाही. त्यामुळे रडायचं असेल तर मी रविवारी रडते.

आता एक गोष्ट. गेल्या सोमवारी मधुकररावांनी घाटरस्त्याचे सात ताव दिले. पहिला उलगडला आणि मी हात मागे घेतला. सातच्या आकड्याला ती शेपटी. उत्तरेचा बाण डावीकडे जरा झुकलेला. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत "रेखाटन", आणि पुढे तुमची सही.

त्याखालची ओळ "अनुरेखन". तिथं ट्रेसरनं सही करायची असते. मी केली. गेल्या सप्टेंबरपासून आपली नावं एकत्र यावीत अशी ही एकच जागा उरलीय, दीड इंच बाय पाऊण इंच.

मला त्याचं काही वाटलं नाही. सहज लिहिलं.

विनोदिनी


विश्रामबाग
२८ ऑगस्ट १९७३

श्री. चिंतामणराव यांस,

तुमचं कार्ड पोचलं. "पत्रे मिळाली. इथे सर्व ठीक. कळावे." सहा शब्द. त्यांतला "कळावे" मी मोजायला नको होता.

तुमचा घाट मी महिनाभर चढते आहे. एकेक कंटूर म्हणजे एकेका उंचीची रेघ, डोंगराला तेवढ्या उंचीवर गुंडाळलेला दोरा. मी तळापासून सुरुवात केली. पेनाचं टोक आपोआप वळतं, मी फक्त त्याच्यामागून जाते. दोन हजार फुटांवर ते वळण येतं, जिथं आपली एस्टी बंद पडली होती आणि तुम्ही माझ्यासाठी करवंदं काढायला गेलात आणि पायात काटा घेऊन आलात. ते वळण तुम्ही पेन्सिलीनं फार सांभाळून काढलंय. मी तिथं पेन उचललं आणि थोडी थांबले. खोलीत करवंदांचा वास आला. ऑगस्टात करवंदं कुठली? पण आला. मग पुढे गेले. बावीसशे फुटांवर धुकं लागलं. मनुबाईंनी बाहेरून पाच वाजल्याचं सांगितलं तेव्हा मी अजून वरच होते, आणि चपला काढून खाली यायला मला बराच वेळ लागला.

गणपती तोंडावर आलेत. त्यामुळे जे वर्षभर लिहिलं नाही ते आज लिहिते.

मी भूकंपाला भिऊन गेले, असं कॉलनीत सगळे म्हणत असतील. तसं नाही. भूकंपाला तर मी पाच वर्षं भिऊन राहिलेच होते. घर हललं की मी धावायचे. हातात असेल ते घेऊन धावायचे, बहुतेक वेळा चिमटा. अंगणात जाऊन उभी राहायचे आणि तुम्ही आतून म्हणायचात, "काही नाही, काही नाही." ते मला चालत होतं. कुणीतरी काही नाही म्हणणारं हवं असतं.

पण गेल्या गणपतीत मंडपात तुम्ही माझी नक्कल केलीत. पदर खोचून, चिमटा हातात घेऊन, डोळे फाडून मंडपभर धावलात. शंभर माणसं हसली. तुमचे साहेब खुर्चीतून पडायचे राहिले. मीसुद्धा हसले. दुसऱ्या गल्लीतली एक बाई माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, अगदी तुम्हीच हो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्रॉइंग बोर्ड चादरीत बांधला आणि कऱ्हाडची गाडी पकडली. बोर्ड मोठा होता. तुम्ही दारात उभे होतात आणि म्हणालात, "एवढं काय झालं?"

एवढं हे झालं, की माझी भीती मी फक्त तुम्हाला दाखवली होती.

मला माफी नको. मला एकच वाक्य हवंय. घर हललं की मलाही भीती वाटते, असं एकदा म्हणा. मोठ्यानं, तोंडानं. माझ्याबरोबर एकजण तरी घाबरला होता हे मला कळू द्या. ते म्हणेपर्यंत मी तुमच्या घरात पाऊल ठेवणार नाही, आणि ते म्हणालात तर मग कुठं राहायचं हे नंतर बघू.

गणपतीला माझ्याकडून एक नारळ ठेवा.

विनोदिनी


विश्रामबाग
२४ सप्टेंबर १९७३

श्री. चिंतामणराव यांस,

गुरुवारी दुपारी सव्वातीनला किल्ली हलली.

जेमतेम बोटभर हलली. मी पेन खाली ठेवलं. वारा असेल म्हणून उठून खिडकी लावली. तरी हलत होती. मग थांबली. मनुबाईंना विचारलं, त्यांना काही कळलं नव्हतं. म्हैस मात्र उभी होती म्हणाल्या.

सांगलीत बोटभर, म्हणजे तिकडे किती? मी चपला घातलेल्या पायांनी तशीच बसून राहिले. धावले नाही. कुठं धावू? माझ्याजवळ तर सगळं शांत होतं. पाच वाजेपर्यंत एकही रेघ निघाली नाही.

आज तुमचं कार्ड आलं. वर तारीख गुरुवारचीच. "इथे सर्व ठीक."

बरं. सर्व ठीक असेल.

वि.


विश्रामबाग
१९ नोव्हेंबर १९७३

श्री. चिंतामणराव यांस,

माझा ताव परत आला. या कामात पहिल्यांदाच.

मधुकररावांनी समोर धरला आणि बोट ठेवलं. "बाई, या डोंगराला इथं नाक कसं फुटलं?" एकोणीसशे फुटांची रेघ गुळगुळीत येते आणि मध्येच करवतीसारखे तीन दात. खालची रेघ साधी, वरची साधी. ही एकटीच थरथरलेली. मधुकरराव म्हणाले, "तुमच्याकडून असं व्हायचं नाही. हात हलला का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा हात हलला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरी येऊन खालचा पेन्सिलीचा कागद काढला आणि खिडकीशी नेला. तीन दात तिथं होते. तुमच्या पेन्सिलीचे. कोपऱ्यात तारीख, त्या गुरुवारची.

मी ते जसेच्या तसे शाईनं वर आणले होते. विचारच केला नाही. तुम्हीच शिकवलंत, ट्रेसरनं शहाणपण करायचं नाही, खाली दिसतं ते वर आणायचं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हा डोंगर असा नसणार, आणि सरळ गेला असता. मी तुमच्या हाताच्या मागोमाग गेले, तो थरथरला तिथं मीही रेघ थरथरवली, अगदी स्थिर हातानं.

आता सांगा, सर्व ठीक होतं ना? कार्डावर तुम्ही लिहिलंत ते दुपारनंतरच लिहिलं असणार. आणि दुसरं सांगा. तुमचं रबर कायम डाव्या हातात असतं. जेवतानासुद्धा खिशात असतं. तीन दात तुम्हाला दिसले नाहीत, हे मी मानणार नाही. मग पुसले का नाहीत?

मी ताव पुन्हा केला, डोंगर गुळगुळीत केला. बिघडलेला ताव मनुबाईंनी मागून घेतला. कापडाची खळ उकळून काढली की आत सुंदर मऊ सुती निघतं. त्याचे त्यांनी चार रुमाल शिवले. शाईसुद्धा धुऊन निघते. एकावर मात्र फिकट करडा डाग राहिलाय, तीन दातांच्या जागी. त्यांना तो दिसत नाही.

जपून राहा. हे मी ट्रेसर म्हणून लिहीत नाही.

विनोदिनी


विश्रामबाग
८ जानेवारी १९७४

श्री. चिंतामणराव यांस,

तुम्ही हे काय चालवलंय?

नोव्हेंबरपासून नऊ ताव आले. पाच तावांवर दात आहेत. कुठं दोन, कुठं चार, एकदा तर रेघ तुटून बोटभर खाली गेलीय. आणि प्रत्येकाच्या बाजूला समासात मुंगीएवढ्या अक्षरात तारीख आणि वेळ. "११ डिसें., १०.४०." "१९ डिसें., २.०५." पुसलेलं काही नाही. पहिल्या दोन तावांना मला वाटलं घाई झाली असेल. तिसऱ्याला कळलं की तुम्ही मला पत्र लिहिता आहात.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला. त्या दिवशी मी चपला काढायच्या विसरले आणि तशीच जेवायला बसले. मनुबाई म्हणाल्या, "कुनीकडं हाय ध्यान?"

पण दुसऱ्या दिवशी राग आला, आणि तो अजून आहे. ही काय रीत झाली? थरथर तुमची, आणि ती सरकारी कागदावर घालून मधुकररावांच्या हातून माझ्याकडे पाठवायची. कुणी विचारलं तर म्हणायला मोकळे, की पेन्सिल सटकली. मी मागितलं होतं एक वाक्य. तुम्ही पाठवलेत चौदा दात.

मी ते सगळे सरळ केले. रस्ता त्याच्यावरून माणसं बांधणार आहेत. आता शहाणपण करते, तुम्हाला चालो न चालो. दात गेले आणि डोंगर डोंगरासारखे झाले.

यापुढे मी लिहिणार नाही. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तोंड आहे.

एक गंमत सांगून संपवते. संक्रांतीची झाडलोट म्हणून मनुबाईंनी माझ्या खोलीतली जळमटं काढली. आठ दिवसांनी माझं वर लक्ष गेलं, तर किल्ली नाही. दोरा जळमटांत गुंडाळून त्यांनी केव्हाच टाकून दिला होता. आठ दिवस मी वर न बघता रेघा ओढत होते, आणि एकही हलली नाही.

तिळगूळ वेगळा पाठवते. तो रागाचा नाही.

विनोदिनी


१६ फेब्रुवारी १९७४
दुपारचे चार चाळीस

अहो,

हे पत्र टपालात पडायचं नाही. तुम्ही माझ्यापासून पंधरा पावलांवर मनुबाईंच्या कट्ट्यावर बसला आहात, आणि मी मागच्या खोलीत टेबलाशी. मधे एक लोटलेलं दार आणि ही अर्धी खिडकी. माझ्या पायात चपला आहेत. शाई बाजूला ठेवलीय आणि मधुकररावांच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं लिहितेय.

चारला तुमचा खोकला ऐकला. फाटकाशी येऊन दोनदा खोकायचं आणि मग कडी काढायची, हे जगात तुम्ही एकटेच करता. मी बाविसाव्या कंटूरवर होते. पेन उचललं नाही.

मनुबाई म्हणाल्या, "कोन पायजे?"

तुम्ही माझं नाव सांगितलंत. तुमच्या तोंडून माझं नाव सहसा निघत नाही. कसं तरीच वाटलं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

"त्या घरात न्हाईत."

"कुठं गेल्या?"

"हापिसात."

"कुठलं ऑफिस?"

"ह्येच की, मागली खोली. पर चपला हायत पायात, तवा हाक मारता यायची न्हाई. पाचाला येतील."

मला वाटलं, आता हसणार. त्या गणपतीसारखं. मी पेन घट्ट धरलं. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हो, तिनं लिहिलं होतं. बसतो मी."

म्हणजे तुम्ही पत्रं वाचत होता. शब्दन् शब्द.

मग मनुबाईंनी तांब्या आणला. तुम्ही घामाघूम झाला असणार, कारण त्या म्हणाल्या, "ह्यो घ्या रुमाल, तोंड पुसा." तो कोणता रुमाल आहे ते तुम्हाला माहीत नाही; कट्ट्यावर तो एकच असतो. नीट बघा, एका कोपऱ्यात फिकट डाग आहे. तो तुमचाच आहे, नोव्हेंबरात उकळूनही न गेलेला.

म्हैस रवंथ करत होती तेवढंच ऐकू येत होतं. मी रेघ पुढे नेत होते. मग मनुबाईंनी विचारलं, त्यांना जसं कुणालाही काहीही विचारता येतं तसं, "तिकडं लय हालतंय म्हनत्यात. तुमास्नी भ्या न्हाई वाटत?"

मी अर्धा श्वास सोडला होता आणि उरलेला धरून बसले होते.

"वाटतं की," तुम्ही म्हणालात. "पहिल्या दिवसापासून वाटतं. पाय उचलत नाहीत माझे. ती धावायची आणि मी आत खांबाला धरून काही नाही, काही नाही म्हणायचो. ते मी मलाच सांगत होतो."

मनुबाई म्हणाल्या, "मग चारचौघांत बायकूची नक्कल का केली?" मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, मे महिन्यात. त्या विसरल्या असतील असं मला वाटलं होतं.

तुम्ही म्हणालात, "ती नक्कल माझीच होती हो. चिमटा तेवढा तिचा."

अहो, माझी रेघ हलली.

एकच दात, तांदळाच्या दाण्याएवढा. आठ महिन्यांत पहिला. जवळ ब्लेड आहे, खरडून काढता येतो, कळणारही नाही. मी तो राहू दिलाय. कापडावर आणखी दोन पांढरे डागसुद्धा पडलेत, आणि आज रविवार नाही. हा ताव मधुकररावांना द्यायचा नाही. मनुबाई रुमाल मागतील, त्यांनाही द्यायचा नाही.

तुम्ही ते वाक्य मला सांगितलं नाहीत. एका अनोळखी बाईला सांगितलंत, कट्ट्यावर बसून. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खिडकी अर्धी उघडी आहे हे तुम्ही बघितलं असणार, आणि माझी पाठही तुम्हाला दिसत असणार. शरयूताईंना दिसते तशीच.

तुम्ही दार लोटून आत येऊ शकला असता. नवरा आहात, कुणी अडवलं नसतं. चाळीस मिनिटं तुम्ही बाहेर बसलात, कारण मी कामावर आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यांतलं मला हे सगळ्यांत जास्त आवडलं, ते लिहून ठेवते, पुढे भांडताना उपयोगी पडेल.

आता काय करायचं ते मला माहीत नाही. मी कोयनेला यायचं, की तुम्ही बदली मागायची, की तुमच्या पेन्सिलीनं आणि माझ्या शाईनं मधल्या मधे टपालातून संसार करायचा. मी आले तरी घर हललं की धावणार, आधीच सांगते. पण आता धावायचं झालं तर दोघांनी. चिमटा मी घेते, तुम्ही रबर घ्या.

मनुबाई बाहेर म्हणताहेत, "आता यायचा टाइम झालाच."

पाच वाजले. चपला काढते आहे.